नाकाशिमांचं फर्निचर जमवताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी दिवाळीच्या फराळाला आलेला पाहुणा ताटली हातात घेऊन बसतो आणि पाच मिनिटांत विचारतो, "अरे, हे टेबल तडकलंय का?" तडकलेलंच आहे. साठ वर्षांपूर्वी बनवतानाच तसं होतं आणि तसंच ठेवलंय. मग तडीवर बसवलेली डमरूच्या आकाराची शिसवी पाचर दाखवायची, ते बनवणारे जॉर्ज नाकाशिमा कोण ते सांगायचं, तोवर चहा गार. तेच तेच प्रश्न येतात म्हणून हे एकदा लिहून ठेवलं. मी व्यापारी नाही. नऊ वर्षांत चार वस्तू घेतल्या आणि त्यातली एक घेताना चांगलाच फसलो, एवढाच अनुभव.

हे नाकाशिमा कोण?

जन्म १९०५, वॉशिंग्टन राज्यातलं स्पोकेन गाव, आईवडील जपानहून आलेले. शिक्षण वास्तुकलेचं. १९३० मध्ये एमआयटीची पदव्युत्तर पदवी घेतली, मग पॅरिस, तोकियो, पाँडिचेरी असा फेरा करून परत अमेरिकेत. १९४२ मध्ये अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. त्यात हेही होते, सोबत बायको मॅरियन आणि तान्ही मुलगी मीरा. आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत त्यांना गेंतारो हिकोगावा नावाचे सुतार भेटले, कसब जपानमध्ये शिकून आलेले. हत्याराला धार कशी लावायची, सांधा कसा बसवायचा, हातात आलेल्या टाकाऊ फळीचं काय करायचं, हे एमआयटीच्या पदवीधराने त्यांच्या हाताखाली घोटवून घेतलं. १९४३ मध्ये त्यांचे जुने साहेब, वास्तुविशारद अँटोनिन रेमंड, यांनी हमी दिली आणि कुटुंब पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होपजवळ रेमंड यांच्या शेतावर आलं. तिथे जवळच पुढे कार्यशाळा उभी राहिली. १९९० मध्ये जॉर्ज गेले. मीरा स्वतः वास्तुविशारद, १९७० पासून वडिलांबरोबर काम करत होत्या. त्यांनी कार्यशाळा पुढे चालवली.

आमचे एक काका विचारत होते, छावणीतला कडवटपणा त्यांच्या फर्निचरमध्ये दिसतो का म्हणून. फर्निचरमध्ये कडवटपणा कुठे शोधायचा ते मला अजून कळलेलं नाही.

पाँडिचेरीशी त्यांचा खरंच संबंध होता, की ऐकीव गोष्ट?

खरंच होता, आणि चांगला दोनेक वर्षांचा. रेमंड यांच्या तोकियोतल्या कार्यालयाकडे श्री अरविंद आश्रमाच्या निवासाचं काम आलं. इमारतीचं नाव गोलकोंडे. हैदराबादचे दिवाण सर अकबर हैदरी यांच्या खटपटीने निजामाकडून एक लाख रुपयांची देणगी आली होती, त्याची ती आठवण. १९३७ ते १९३९ नाकाशिमा बांधकामावर होते. कामाचा पगार त्यांनी नाकारला, आश्रमात साधक म्हणून राहिले. श्री अरविंदांनी त्यांना नाव दिलं सुंदरानंद. सौंदर्यात ज्याला आनंद वाटतो तो. आपल्याला वेगळा अर्थ सांगावा लागत नाही. त्या इमारतीतल्या खोल्यांसाठी लागणारं लाकडी सामानही त्यांनी आखलं होतं, म्हणजे त्यांच्या फर्निचरची सुरुवात शोधायची तर ती आपल्याकडेच सापडते.

आपली मंडळी पाँडिचेरीला जातात, समाधीचं दर्शन घेतात, क्रोसाँ खातात आणि गोलकोंडे न बघताच परत येतात. बाहेरून तरी बघा. अख्ख्या दर्शनी बाजूला खिडकीची काच नाही. सिमेंटच्या आडव्या झडपा आहेत, वारा हवा तेवढा आत घ्यायचा. आत माणसं राहतात, त्यामुळे परवानगीशिवाय शिरू नका. ऑरोव्हिलला जाणार असाल तर तिथे त्यांच्या संकल्पनेतलं मोठं शांती-टेबल १९९६ पासून आहे. या मालिकेतलं पहिलं १९८६ मध्ये न्यू यॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमध्ये बसवलं गेलं.

"नाकाशिमा" म्हणून जे विकतात ते सगळं एकच असतं का?

नाही, आणि पैसे याच प्रश्नावर बुडतात.

न्यू होपच्या कार्यशाळेत, एका ठरावीक गिऱ्हाइकासाठी, त्याच्यासमोर निवडलेल्या फळीतून जॉर्ज यांच्या हयातीत बनलेली वस्तू वेगळी. १९४० च्या दशकात नोल कंपनीने त्यांच्या आराखड्यावरून कारखान्यात बनवलेली सरळ पाठीची खुर्ची वेगळी; ती नोलने २००८ मध्ये पुन्हा बाजारात आणली, म्हणजे त्यातही जुनी-नवी आलीच. १९५० च्या दशकाच्या शेवटी मिशिगनमधल्या विडिकोम-म्यूलर कंपनीने काढलेली 'ओरिजिन्स' मालिका वेगळी. ती सुबक आहे, रोज वापरायला मजबूत आहे, पण कारखान्याची आहे. १९९० नंतर मीरा यांच्या देखरेखीखाली त्याच कार्यशाळेत झालेली वस्तू पुन्हा वेगळी. ती अस्सल नाकाशिमाच, फक्त जॉर्ज यांच्या हयातीतली नाही. विकणारा हे सगळं एका शब्दात गुंडाळतो. तुम्ही विचारायचं: कुठे बनली, कोणत्या साली, कोणासाठी?

सही नसते म्हणतात. मग खरं-खोटं ओळखायचं कसं?

साधारण १९८० च्या आधीच्या बहुतेक वस्तूंवर सही नसतेच. चांगली वस्तू बनवणाऱ्याने आपलं नाव मिरवू नये, असं मानणाऱ्या जपानी लोककारागिरीच्या परंपरेशी त्यांचं नातं होतं. नंतरच्या वर्षांत मात्र ते सही आणि तारीख घालू लागले.

पण सही नसली तरी नाव असतं, आणि ते गिऱ्हाइकाचं. फळी पसंत झाली की ती कोणाची हे कळावं म्हणून तिच्यावर काळ्या शाईने आडनाव लिहायचे. धोब्याने कपड्यावर खूण करावी तसं, सोयीसाठी. आज तेच आडनाव सगळ्यात मोलाचं झालंय, कारण कार्यशाळेत जुनी ऑर्डर कार्डं आहेत: कोणाला, काय, कधी, किती पैशांना, आणि बऱ्याचदा सोबत हाताने काढलेलं छोटं चित्र. खालचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळलं की वाद मिटला.

माझं कॉफी टेबल असंच मिळालं. बक्स काउंटीतल्या एका घरात म्हातारे मालक गेल्यावर सामान विकायला काढलं होतं. गॅरेजमध्ये रंगाचे डबे, बर्फ ओढायचं फावडं, आणि त्यांच्यामागे भिंतीला टेकवून हे टेबल. मी काँक्रीटवर उताणा झोपलो आणि फोनचा टॉर्च लावला. कोळ्याची जाळी, पेन्सिलीच्या दोन रेघा, पायांच्या सांध्याशी जमलेली भुरकट धूळ, आणि पार कोपऱ्यात, तिरक्या घाईच्या अक्षरात, एक आडनाव. दारावरच्या पाटीवर जे होतं तेच. उठलो तेव्हा पाठ पांढरी झाली होती आणि बायको लांबून "कमी बोल" अशा खुणा करत होती.

आता फसल्याची गोष्ट. त्याआधी दोन वर्षं मी इंटरनेटवरून एक छोटा बाक घेतला होता. विकणाऱ्याने लिहिलं होतं, "नाकाशिमा, न्यू होप, मूळ कुटुंबाकडून". बाक गुळगुळीत, चकचकीत, खालूनसुद्धा काचपेपर मारून व्हार्निश केलेला. मला वाटलं, वा, किती जपलाय. विकणाऱ्याने सांगितलेलं कुटुंबाचं नाव जुन्या नोंदींत सापडलं नाही. खाली कधी काही लिहिलेलं असलंच तर ते काचपेपरबरोबर गेलं, आणि नसलं तर नसलं. त्या बाकावर आता आम्ही बूट घालतो. तेव्हापासून वस्तू वरून बघण्याआधी मी खालून बघतो.

पैसे देण्यापूर्वी वरचे आणि खालचे स्वच्छ उजेडातले फोटो, नाव, जुनी पावती, जुन्या मालकाच्या घरातला वस्तू दिसणारा एखादा फोटो, जे असेल ते मागा. न्यू होपची कार्यशाळा फी घेऊन वस्तू तपासून प्रमाणपत्रही देते. महागाची खरेदी त्याशिवाय करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शिसवी पाचर आणि झाडाची मोकळी कड असली की नाकाशिमाच ना?

अजिबात नाही. तशी टेबलं आज अमेरिकेत कुठल्याही हॉटेलच्या लॉबीत दिसतात. फळीची कड सरळ न कापता झाडाच्या अंगावर जशी होती तशी ठेवायची, हे नाकाशिमांमुळे इतकं पसरलं की आता ते कोणाचंच राहिलेलं नाही. पाचरेचं काम तड पुढे सरकू न देणं किंवा दोन फळ्या एकमेकींना धरून ठेवणं. ती जिथे गरज आहे तिथे असते. जिथे तडच नाही तिथे ओळीने चार पाचरा दिसल्या तर समजा शोभेच्या आहेत.

शेजारपाजारच्या मोठ्या कारागिरांशीही गल्लत होते. न्यू होपमध्येच फिलिप लॉइड पॉवेल काम करायचे, पेनसिल्व्हेनियातच पाओलीजवळ व्हार्टन एशेरिक. त्यांच्या वस्तू मोलाच्याच आहेत, पण हात वेगळा. "नाकाशिमा शैली" किंवा "नाकाशिमांची असावी" असे शब्द यादीत दिसले तर त्यांचा अर्थ एकच: विकणारा स्वतः जबाबदारी घेत नाही.

लाकूड कोणतं वापरायचे?

मुख्य म्हणजे अमेरिकेतला काळा अक्रोड. गाभा चॉकलेटी, बाहेरचा थर फिका. हा फिका थर आपल्याकडचे सुतार कापून टाकतात. नाकाशिमा मात्र तो कडेला मुद्दाम ठेवायचे. शिवाय चेरी, ओक, कॅलिफोर्नियाचा रेडवुड आणि झाडांच्या मोठाल्या गाठी. पाचरा बहुधा शिसवीच्या. खुर्चीच्या पाठीच्या बारीक काड्या हिकरीच्या, कारण हिकरी वाकते पण मोडत नाही.

लाकूड विकत आणण्याची त्यांची रीत मला फार आवडते. अख्खं खोड घ्यायचं, ते कापताना स्वतः उभं राहायचं, आणि कापलेल्या फळ्या पुन्हा खोडात होत्या त्याच क्रमाने रचून वाळवायच्या. एका खोडाच्या लागोपाठच्या दोन फळ्या पुस्तक उघडावं तशा शेजारी ठेवल्या की रेषा आरशासारख्या जुळतात. मोठी टेबलं तशीच झाली आहेत.

दोनच पायांची ती खुर्ची पडत नाही का?

कोनॉइड खुर्ची. १९६० च्या सुमाराची. दोन उभे खांब, जमिनीला टेकलेल्या दोन लांब पट्ट्या, आणि बैठक पुढे अधांतरी. नाव पडलं त्यांच्या कार्यशाळेतल्या शंखासारख्या वळणाच्या काँक्रीट छपराच्या इमारतीवरून. खुर्ची पडत नाही. खाली पाय नसून पट्ट्या असल्यामुळे गालिच्यावरून सरकतेही छान. माझे सासरे, वजन ९२ किलो, तिच्यावर बसायला तयार नव्हते. आता दुसऱ्या कशावर बसत नाहीत.

किंमत काय पडते?

जुनी नोलची खुर्ची जमवायला सुरुवात करणाऱ्याच्या आवाक्यात असते, नव्या चांगल्या सोफ्यापेक्षा स्वस्तसुद्धा. न्यू होपच्या खुर्च्या हजारांत जातात. कोनॉइड खुर्च्यांचा सेट किंवा मोकळ्या कडेचं चांगलं टेबल पाच आकड्यांत, आणि विशेष वस्तू त्याहून पुष्कळ वर. आर्थर आणि एव्हलिन क्रॉस्निक या जोडप्यासाठी १९८८ मध्ये रेडवुडच्या गाठीतून बनवलेलं 'आर्लिन' टेबल (दोघांची नावं जोडून आर्लिन) २००६ मध्ये सदबीजच्या लिलावात आठ लाख डॉलरच्या वर गेलं. नेल्सन रॉकफेलर यांनी १९७३ मध्ये आपल्या घरासाठी दोनशेहून जास्त वस्तू बनवून घेतल्या होत्या. असल्या बातम्या वाचून आपल्या आजीचा पाट विकायला काढू नका.

किंमत ठरते ती फळीवर. एकाच साली, एकाच मापाची दोन टेबलं असतील, पण एकाची कड नदीकाठासारखी आणि दुसऱ्याची जवळपास सरळ, तर किंमत दुप्पट-तिप्पट फिरते. गुंतवणूक म्हणून घ्या असं मी कोणाला सांगत नाही. शेअरवर बसून जेवता येत नाही, एवढाच काय तो फायदा.

आधी कुठे बघू?

डॉइल्सटाउनच्या मिशेनर कलासंग्रहालयात नाकाशिमा वाचनकक्ष आहे. न्यू होपची कार्यशाळा २०१४ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे. भेटीचे दिवस आणि वेळ आधी विचारून जा. नदीचा पूल ओलांडला की समोर लँबर्टव्हिल, तिथल्या रागो लिलावगृहात नाकाशिमा वरचेवर येतात, आणि लिलावाआधी माल मांडतात तेव्हा हात लावून बघता येतं. विकत काही घेऊ नका. नुसतं वर्षभर बघा.

गरम भांडं, हळद, लिंबू... घरात वापरायचं कसं?

वापरायचंच. त्यासाठीच आहे. वर प्लॅस्टिकसारखा जाड थर नाही, तेल मुरवलेलं आहे, म्हणून स्पर्श सुरेख आणि डाग सहज. आईने एकदा आमटीचं पातेलं थेट टेबलावर ठेवलं. गोल पांढरा डाग, त्याच्या कडेने पिवळी रेघ. दोन दिवस घरात शांतता होती. पांढरेपणा तेलाने बराच गेला. हळदीची रेघ उन्हाच्या तिरपीत फिकी झाली, पण अजून आहे. नाकाशिमा स्वतः अशा वापराच्या खुणांबद्दल फारसे हळवे नव्हते. आता आम्ही पातेल्याखाली लाकडी चकती ठेवतो, सांडलं की लगेच पुसतो, आणि मेणाचे, सिलिकॉनचे चकाकी देणारे फवारे घरात आणत नाही.

पॉलिश करून नवं करायचा सल्ला कोणी दिला तर चहा पाजून निरोप द्या. पृष्ठभाग तासला की वयाबरोबर आलेला रंग जातो आणि किंमतही त्याच्याबरोबर.

हिवाळ्यात तड वाढली. आता?

घाबरू नका. काळा अक्रोड ओला असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत साधारण ५ ते ८ टक्के आवळतो, लांबीत जवळपास नाहीच. सुकलेलं लाकूडही हवेबरोबर फुगतं-आवळतं. इथे जानेवारीत हीटर लागला की घरातली हवा वाळवंट होते आणि आमच्या टेबलाची तड पोस्टकार्ड सरकेल एवढी उघडते. जुलैत मिटते. तड गोंदाने किंवा राळेने भरू नका. लाकूड दुसरीकडून फाटेल. टेबल हीटरच्या झरोक्यापासून लांब ठेवा आणि खोलीत ह्युमिडिफायर लावा, पुष्कळ झालं.

भारतात परत जाताना नेता येईल?

येईल, पण कागदपत्रं आधी. शिसवी म्हणजे डालबर्जिया, आणि २०१७ पासून ही सगळी जात साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०१९ च्या बदलानंतर तयार वस्तूंतल्या या लाकडाचं वजन एका खेपेत १० किलोच्या आत असेल तर सूट मिळते, आणि चार पाचरांचं वजन तेवढं भरत नाही. ब्राझीलच्या शिसवीला मात्र ही सूट नाही. ती १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे. त्यामुळे पाचरेचं लाकूड कोणतं ते लिहून घ्या. शंभर वर्षं झालेली नसल्याने भारतात हे पुरावस्तू म्हणून येणार नाही, साधं फर्निचर म्हणून जकात लागेल.

पुणे ठीक. रत्नागिरी किंवा मडगावच्या घरात, जिथे श्रावणात पापडसुद्धा मऊ पडतो, तिथे न्यू जर्सीच्या हिवाळ्यातून टेबल थेट नेऊन ठेवायला माझं मन धजणार नाही.

भारतात बनलेलं काही मिळू शकतं का?

नाकाशिमा १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले आणि तिथल्या कार्यशाळेसाठी त्यांनी फर्निचर आखलं. पुढे काही वर्षं ते तिथे बनत होतं. हे दुर्मीळ आहे आणि मला त्याचं फार आकर्षण वाटतं. पण अहमदाबादेत बनलेल्या वस्तूचं कार्ड न्यू होपमध्ये शोधून काय मिळणार? तिथे वस्तू मूळ कोणाकडे होती, कोणी कोणाला दिली, याची कागदोपत्री साखळीच बघावी लागेल. नुसत्या "आमच्याकडे पूर्वीपासून आहे" वर जाऊ नका.

विमा काढावा का?

काढावा, आणि फोटो घराबाहेर ठेवावेत. वर ज्या क्रॉस्निक जोडप्याचं नाव आलं त्यांच्या प्रिन्स्टनच्या घराला १९८९ मध्ये आग लागली. नाकाशिमांच्या १११ वस्तू गेल्या. ऐंशी ओलांडलेल्या नाकाशिमांनी त्या पुन्हा बनवायला घेतल्या.

आम्ही घेतल्यावर खाली आमचं नाव लिहू का?

नका लिहू. आमच्या टेबलाखाली ज्यांचं नाव आहे त्यांच्या मुलीला मी कार्डाची प्रत पाठवली होती. तिने उत्तरात एक फोटो पाठवला: तेच टेबल, वर लेगोचे तुकडे, आणि तडीत उभा अडकवलेला एक लेगोचा माणूस. तो फोटो, कार्डाची प्रत आणि आमच्या खरेदीची पावती एका लिफाफ्यात आहेत. लिफाफा कपाटात आईच्या पैठणीखाली ठेवलाय. मुलाला सांगून ठेवलंय, तो म्हणाला, "तडीत माझाही एक बॅटमॅन गेला होता, तो सापडला का?"